मुलांच्या वह्या अभ्यासायच्या तर आधी स्वतःची ओळख सांगा

एथ्नोग्राफी (लोकांमध्ये राहून, त्यांचं रोजचं वागणं पाहून केलेला अभ्यास) करणारा माणूस वर्गात महिनोन्महिने बसतो. मूल कुणासमोर काय लिहितं आणि काय खोडतं, हे त्याला पाहायचं असतं. त्या ‘कुणासमोर’मध्ये तो स्वतःही मोडतो, म्हणून परवानगी, संमती आणि स्वतःची ओळख ही तिन्ही कामं वही उघडण्याआधीची.

सिंधुदुर्गातल्या वाडीत पहिला प्रश्न येतो, “तुम्ही खंयचे?” उत्तर गोल फिरवू नका. गाव, आडनाव, संस्था, खर्च कोण करतंय, लिहिलेलं कोण वाचणार, सगळं सांगा. नाहीतर लोक तुम्हाला तपासणीचे साहेब समजतात. मग लाल शाईने घाईघाईने तपासलेल्या वह्या आणि फळ्यावरून उतरवलेले निबंध हाती येतात, नि सगळा अभ्यास त्यावर उभा राहतो.

गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आणि मुख्याध्यापकांचा होकार एवढ्यावर थांबू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक असतात. तिच्या बैठकीत विषय मांडा, प्रश्न येऊ द्या.

पालकांच्या संमतीला वेळ बघून जा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ट्रॉलरवर जाणारे बाप घरी भेटतात. मुलाचे आईवडील मुंबईला आणि मूल आजीकडे असेल, तर आजीच्या अंगठ्यावर भागवू नका. आईवडिलांना फोन लावा, एका पानाचा कागद सावकाश वाचून दाखवा, तारीख-वेळ टिपून ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक आहे, तेव्हा बारावीच्या मुलासाठीही पालकांना विचाराच.

मुलाचा होकार वेगळा घ्यायचा. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्य-संशोधनासाठी असली तरी त्यांतली पायरी इथे उपयोगी पडते: साधारण ७ ते १२ वयाला तोंडी होकार, त्यापुढे सोपा लेखी. तो बाईंनी किंवा गुरुजींनी गोळा करता कामा नये, कारण त्यांना नाही म्हणणं मुलाला जमत नाही. कोण नाही म्हणालं हेही वर्गात कळू देऊ नका. सगळ्यांच्या वह्या एकाच खोक्यात घ्या, नकार दिलेल्या न उघडता बाजूला ठेवा आणि शाळा सुटण्याआधी सगळ्या एकदम परत करा. घरचा अभ्यास त्याच वहीत असतो. फोटो काढताना नावाच्या जागी कागद ठेवा, टोपणनावांची यादी उताऱ्यांपासून वेगळी कुलपात ठेवा.

“सगळं गुप्त राहील” असं वचन मात्र कधीच देऊ नका. लिखाणातून लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका आली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे मुलांना पहिल्याच दिवशी त्यांच्या भाषेत सांगा. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ क्रमांकही द्या.

नाव बदललं की ओळख लपली, ही समजूत कोकणात सर्वांत घातक. अकरा मुलांच्या शाळेत “सहावीतली, बाप ट्रॉलरवर, आई खिचडी शिजवते” एवढ्यावरून अख्खं गाव ओळखतं. खारवीवाडी, सुतारवाडी, बौद्धवाडी लिहिलंत तर जातही छापली जाते. इयत्ता, वाडी आणि पालकांचा व्यवसाय, तिन्ही तपशील बदला. त्याने अर्थच हरवत असेल तर तो उतारा सोडून द्या.

टिपणवहीचं पान उभं दुमडा. डावीकडे घडलेलं, उजवीकडे तुम्ही कुठे बसला होता, काय बोललात. एरवी ‘माका’ लिहिणारा मुलगा तुम्ही शेजारी बसताच ‘मला’ लिहितो, हे उजव्या रकान्याशिवाय दिसत नाही. मालवणी शब्द चूक म्हणून नोंदवू नका, उतरवताना सुधारू नका. मुलाने शब्द विचारला तर सांगा (गप्प बसणं क्रूरपणा आहे) आणि तो तुमचा म्हणून नोंदवा. गावचेच असाल तर पडवीत चहा पिताना कानावर आलेलं माहिती म्हणून वापरू नका; ते संशोधकाला सांगितलेलं नसतं. अहवालातही “मी अमुक जातीचा, शहरात शिकलेला” अशा एका परिच्छेदाने भागत नाही. ज्या उताऱ्यावर तुमच्या असण्याचा परिणाम झाला, तिथेच तो लिहा.

छापण्याआधी गणपतीत जा. चाकरमानी घरी असतात. विसर्जन झाल्यावर, त्यांच्या परतीच्या गाडीआधी, मुलाचा उतारा आणि त्यावरचं तुमचं म्हणणं दोन्ही वाचून दाखवा. लिखाण मुलाचं आहे. “हा काढा” म्हणालं, तर अहवालातलं अख्खं प्रकरण त्यावर उभं असलं तरी काढा.