सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सासिन) या अँटिबायोटिकमुळे म्युटेशन्स खरंच वाढतात का, हे ई. कोलाय जंतूमध्ये कसं तपासायचं

प्लेटवर रेझिस्टंट (औषधाला न जुमानणाऱ्या) कॉलन्या जास्त आल्या की "औषधाने म्युटेशन्स वाढवली" असं लिहून मोकळं व्हायचं, हे प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सर्रास चालतं. अहो पण त्या आधीपासूनच असलेल्या म्युटंट्सच्या (म्युटेशन झालेल्या पेशींच्या) कॉलन्या असल्या तर? औषधाने बाकीचे मारले, हे उरले. निवड वेगळी आणि नवीन म्युटेशन वेगळं, आणि सगळी खटपट हे दोन वेगळे काढायचीच आहे.

आधी आत काय होतं ते. गायरेझ हे एन्झाइम डीएनएचे दोन्ही धागे कापतं, पीळ सोडवतं आणि परत जोडतं. सिप्रोफ्लॉक्सासिन त्याला कापलेल्या अवस्थेतच अडकवतं, मग डीएनए तुटतो, रेकबीसीडी हे एन्झाइम ती टोकं कुरतडून एकेरी धागा मोकळा करतं, त्यावर रेकए हे प्रोटीन बसतं आणि त्याच्या नादाने लेक्सए हा रिप्रेसर (जीन्स दाबून ठेवणारं प्रोटीन) स्वतःलाच कापून घेतो. लेक्सए गेला की ४० च्या आसपास जीन्स चालू होतात, हाच एसओएस रिस्पॉन्स, म्हणजे डीएनए बिघडल्यावरची पेशीची आणीबाणी. त्यातली बरीचशी दुरुस्तीची, पण पोल फोर आणि पोल फाइव्ह हे डीएनए कॉपी करणारे एन्झाइम मात्र खराब डीएनएवरूनही कॉपी रेटत नेतात, चुका झाल्या तर झाल्या.

स्ट्रेन (ई. कोलायचे वाण) दोन घ्या: साधा एमजी१६५५, आणि त्याच बॅकग्राउंडचा लेक्सए३, ज्यात लेक्सए कापलाच जात नाही. हा दुसरा नसेल तर प्रयोग सुरूच करू नका.

डोस पेपरमधून उचलू नका. एमजी१६५५ चा एमआयसी (वाढ थांबवणारा किमान डोस) ०.०१६ मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या आसपास येतो खरा, पण मीडियममध्ये मॅग्नेशियम जास्त असेल तर सिप्रोचा जोर कमी पडतो, म्हणून दोन्ही स्ट्रेनचा आपल्याच मीडियममध्ये काढा आणि त्याच्या पाव ते अर्ध्यावर काम करा. पावडर साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, पातळ एचसीएल लागतं, आणि स्टॉक फॉइलमध्ये गुंडाळा.

मग एसओएस चालू झालाय का ते बघा. सुलए या एसओएस जीनच्या प्रमोटरला (चालू करणाऱ्या भागाला) जोडलेला जीएफपी रिपोर्टर बरा, जीन चालू झालं की पेशी हिरवी चमकते; पॉझिटिव्ह कंट्रोल मायटोमायसिन सी, ते डीएनए बिघडवतंच. मायक्रोस्कोपखाली एकदा बघाच, सुलए विभाजन थांबवतं त्यामुळे पेशी लांबच लांब दोऱ्यासारख्या दिसतात.

आता मुख्य काम, फ्लक्च्युएशन टेस्ट, १९४३ ची लुरिया-डेलब्रुकवाली: बऱ्याच वेगळ्या कल्चर्समध्ये म्युटंट्स किती कमीजास्त येतात त्यावरून म्युटेशनचा रेट काढायचा. २०-३० छोटी कल्चर्स, प्रत्येकात सुरुवातीला हजारभरच पेशी, म्हणजे जुने म्युटंट्स सोबत येत नाहीत. निम्मी सिप्रोत वाढवा, निम्मी सिप्रोशिवाय. वाढल्यावर धुऊन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली रिफॅम्पिसिनच्या (दुसऱ्या अँटिबायोटिकच्या) प्लेटवर टाका, आणि एकूण पेशी मोजायला डायल्यूशन साध्या प्लेटवर. निवड सिप्रोवर किंवा गायरेझवरच काम करणाऱ्या नॅलिडिक्सिक ॲसिडवर अजिबात नको, कारण गायरेझचे म्युटंट्स सिप्रोत आधीच पुढे गेलेले असतात. रिफॅम्पिसिनला रेझिस्टन्स देणारी म्युटेशन्स आरपीओबी या वेगळ्या जीनमध्ये होतात, तिथे हा घोळ बराच टळतो. आणि सरासरी काढू नका हो, एखाद्या कल्चरमध्ये म्युटेशन लवकर झालं की तिथे शेकडो कॉलन्या येतात आणि सरासरीचा बोजवारा उडतो. मॅक्सिमम लाइकलिहुडने (सगळ्या आकड्यांशी सर्वात जुळणारा रेट शोधणाऱ्या पद्धतीने) रेट काढा, त्याचे फुकट कॅल्क्युलेटर आहेत.

सगळ्यात जास्त फसवणूक भागाकारात होते, म्हणजे म्युटेशन्सना एकूण पेशींनी भागताना. लांबलेल्या एका पेशीत क्रोमोसोम अनेक, पण कॉलनी एकच, म्हणजे खालचा आकडा उगाच लहान आणि रेट उगाच मोठा. त्यात सिप्रोने काही पेशी मेलेल्या असतात, म्हणजे शेवटच्या मोजणीत दिसतात त्यापेक्षा जास्त विभाजनं होऊन गेलेली असतात, त्यानेही रेट फुगतो. म्हणून कॉलनीसोबत मायक्रोस्कोप किंवा फ्लो सायटोमीटरने पेशी मोजा, जिवंत-मृत स्टेन वापरा, आणि दीडपट-दुप्पट वाढ दिसली तर लगेच उड्या मारू नका.

साध्या स्ट्रेनमध्ये रेट वाढला, लेक्सए३ मध्ये नाही, तर बोट एसओएसकडे जातं. पण लेक्सए३ सिप्रोला जास्त मरतो, तेव्हा दोघांचं सर्व्हायव्हल सारखं येईल असा डोस लावूनही एकदा करा. दोन्हीकडे वाढला तर कारण दुसरीकडे शोधा.

निगेटिव्ह कंट्रोलला "डीएनएला हात न लावणारं" म्हणून ॲम्पिसिलिन घेतात, तेही ई. कोलायमध्ये एसओएस चालू करू शकतं. ट्रायमेथोप्रिमने थायमिनचा (डीएनएतल्या 'टी' अक्षराचा) तुटवडा पडतो, तेही नको. टेट्रासायक्लिन चालेल, पण ई. कोलायपुरतंच, कॉलऱ्याच्या व्हिब्रिओत तेही एसओएस पेटवतं, त्यामुळे जंतू बदलला की रिपोर्टरची पायरी पहिल्यापासून.