स्वयंपाकघरासाठी कचऱ्याचा डबा निवडताना: आधी नळाचा वार बघा, मग दुकान

डस्टबिन घ्यायला गेलं की हात आपोआप मोठ्या डब्याकडे जातो. रोज रोज रिकामा करायला नको, हा त्यामागचा हिशोब. मराठवाड्यात हा हिशोब उलटा बसतो. एप्रिल-मेमध्ये नांदेड, परभणीकडे पारा 42 अंशांच्या पुढे जातो आणि सकाळचं खरकटं संध्याकाळपर्यंत आंबतं. मोठा डबा भरायला तीन दिवस लागतात, कचरा सडायला एकच दिवस पुरतो. वर डबा धुवायचा म्हटलं तर नळाला पाणी कुठे चार दिवसांनी, कुठे आठ दिवसांनी. म्हणून ओल्या कचऱ्याचा डबा वाटतो त्यापेक्षा लहान घ्या. त्यात किती मावतं हे दुय्यम, तो किती पाण्यात निघतो ते महत्त्वाचं.

1. तीन दिवस कचरा मोजा

दुकानात जाण्याआधी तीन दिवस ओला कचरा एखाद्या जुन्या बादलीत वेगळा टाका आणि रोज रात्री वजन करा. चार-पाच माणसांच्या घरात तो साधारण एक ते दीड किलो भरतो. माळव्याची म्हणजे भाजीपाल्याची देठं, साली, चहाचा चोथा असा किलोभर कचरा अडीच-तीन लिटरची जागा घेतो. झाकण नीट बसायला वरचा चौथा भाग मोकळा लागतो. म्हणजे रोज रिकामा होणार असेल तर 6 ते 8 लिटरचा डबा पुष्कळ झाला. घंटागाडी दिवसाआड येत असेल, तर 16 लिटरचा एक घेण्यापेक्षा 8 लिटरचे दोन घ्या. एक भरला की झाकण लावून मागच्या अंगणात सावलीला ठेवायचा, दुसरा आत.

टरबुजाचे, केसर आंब्याचे दिवस किंवा ढाळे (ओला हरभरा) सोलायचा हंगाम आला की हा अंदाज कोसळतो. एका मोठ्या टरबुजाची साल किलोभर सहज निघते. त्या महिन्या-दीड महिन्यासाठी मोठा डबा घेऊ नका, जुनं टोपलं किंवा रंगाची रिकामी बादली पुरते.

2. सुक्याचा डबा वेगळाच

2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार घरातच वेगळे करायला सांगितले होते. न निवडलेल्या कचऱ्याचं पुढे काय होतं, हे छत्रपती संभाजीनगरने, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादने, फेब्रुवारी 2018 मध्ये पाहिलं. शहराचा कचरा डेपो असलेल्या नारेगावच्या लोकांनी तिकडे जाणाऱ्या गाड्या अडवल्या आणि शहरभर ढीग साचले.

सुका कचरा हलका असतो, पण फुगतो फार. त्याला 15 ते 20 लिटरचा साधा, बिनझाकणाचा किंवा जाळीचा डबा चालतो. हा स्वयंपाकघरातच हवा असंही नाही. दुधाची पिशवी चमचाभर पाण्यात खळबळून, वाळवून टाका. कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लटकता ठेवा, नाहीतर तो चिटोरा कचरा वेचणाऱ्यांच्या हाती लागत नाही. सेल, जुनी औषधं, ब्लेड यांसाठी बिस्किटांचा एखादा रिकामा पत्र्याचा डबा, लेकरांच्या हाताला न लागेल असा वर ठेवला की झालं.

3. झाकणावर सगळं अवलंबून

पीठ मळता मळता किंवा कांदा चिरताना झाकणाला हात लावायला नको, म्हणून पायाने उघडणारा डबा सोयीचा. पण ओट्याखाली ठेवणार असाल तर आधी टेपने मोजा. डबा 12 इंच उंच आणि झाकण 9 इंच असेल, तर उघडल्यावर 21 इंच उंची लागते. सिंकखाली पाइपाचं वळण सोडून तेवढी जागा बहुतेक घरांत नसते. मग झाकण अर्धंच उघडतं, ताट झटकताना निम्मं खरकटं कडेवर पडतं आणि तिथेच वाळतं.

दुकानात पेडल दहा वेळा दाबून बघा. डबा मागे सरकला किंवा पुढे कलंडला तर सोडून द्या. मग उलटा करून पेडलपासून झाकणापर्यंत जाणारी सळई बघा. ती धातूची हवी, आणि झाकणाच्या बिजागरीत प्लास्टिकच्या पातळ खुंटीवर सगळा भार नको. पहिल्यांदा मोडते ती हीच खुंटी. आतली बादली कडीसकट वेगळी निघते का, तेही बघा. निघत नसेल तर प्रत्येक वेळी पेडलसकट अख्खा डबा मोरीत न्यावा लागेल.

झुलत्या झाकणाचे डबे दिसायला छान असतात, पण ओल्या कचऱ्याला ते घेऊ नयेत. पट्टीला आमटी लागते आणि ती पट्टी धुवायला कुणी काढत नाही. अगदी हवाबंद झाकणही नको. आत हवा खेळली नाही की कचरा जास्त घाण वास सोडतो आणि उघडताक्षणी तो भपकारा तोंडावर येतो. माशी आत जाणार नाही एवढं बसलं की पुरे.

4. तांब्याभर पाण्याची परीक्षा

डब्याच्या आत हात घालून तळ चाचपा. कोपरे गोल, भिंती सरळ, गुळगुळीत आणि आत एकही पन्हाळी नको. खाचेत चहाचा चोथा बसला की तो निघायला तीन-चार तांबे पाणी जातं. गुळगुळीत डबा दोन तांब्यांत निघतो, तेही माळवं धुतलेल्या पाण्यात. तोंड निदान 10 इंच रुंद असावं, म्हणजे जेवणाचं ताट तिरकं धरून झटकता येतं.

प्लास्टिक घेत असाल तर तळाच्या त्रिकोणात, म्हणजे प्लास्टिकचा प्रकार सांगणाऱ्या खुणेत, 2 किंवा 5 आकडा शोधा आणि अंगठ्याने भिंत दाबा. पापडासारखी आत गेली तर डबा टिकणार नाही. स्टील वासाला बरं आणि उंदीर कुरतडत नाहीत, म्हणून शेताकडेच्या किंवा मोंढ्याजवळच्या (धान्यबाजाराजवळच्या) घरांना तेच योग्य. मात्र स्टीलच्या डब्याचा तळ वेगळा जोडलेला असेल तर त्या जोडात पाणी मुरून गंज चढतो. बोअरच्या जड पाण्याने आत पांढरे थर येतात, पिळलेल्या लिंबाची साल घासली की जातात.

5. जागा आणि अस्तर

गॅस, माठ आणि पश्चिमेच्या खिडकीचं ऊन, या तिन्हींपासून डबा लांब ठेवा. ओल्या कचऱ्याला प्लास्टिकची पिशवी लावू नका. ती फाडून रिकामी करायचं काम शेवटी कुणाच्या तरी उघड्या हातावर येतं, आणि तशीच रस्त्यावर पडली तर गुरं पिशवीसकट गिळतात.

वर्तमानपत्राचे दोन मोठे कागद अधिकच्या चिन्हासारखे एकावर एक ठेवा, डब्यात दाबा आणि कडा बाहेर मुडपा. तळाला मूठभर लाकडाचा भुसा किंवा वाळलेला पाला. ओल्या कचऱ्यात बहुतांश पाणीच असतं, ते भुसा शोषतो आणि डबा चिकट होत नाही. चहाचा चोथा गाळणीतच दाबून पिळा. पातळ भाजी, ताक, आमटी डब्यात ओतू नका, सिंकच्या जाळीवर निथळून राहील तेवढंच टाका.

उन्हाळ्यात माशीच्या अंड्यांतून दिवसाच्या आत अळ्या निघतात. डब्यात अळ्या दिसल्या तर दोष डब्याचा नसतो, कचरा फार वेळ राहिलेला असतो. चिलटांची गोष्ट निराळी. त्यांची अंडी फळांच्या सालीवरूनच घरात येऊ शकतात, म्हणून आंब्याच्या कोयी आणि साली रात्रभर आत ठेवू नका. मुंग्या लागत असतील तर डबा कशावर ठेवलाय ते आधी बघा. बहुतेक वेळा त्या तळाखाली ओघळलेल्या गोड पाण्यावर येतात.

धुतलेला डबा उलटा करून वाळवा, पण दिवसभर उन्हात टाकू नका. सततच्या उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊन तळाला बारीक भेगा जातात. तशी भेग गेलीच तर तो डबा सुक्या कचऱ्याला लावा, ओल्यासाठी दुसरा आणा.