काशाच्या वाटीने तळपाय घासताना

तळपायांची आग होते, दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून येतात, अंथरुणाला पाठ टेकली तरी झोप येत नाही. अशा वेळी घरोघरी काशाची वाटी बाहेर निघते. पायांना असं तेल-तूप चोळण्याला आयुर्वेदात पादाभ्यंग म्हणतात. वाग्भट या जुन्या वैद्याने ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात रोजच्या अभ्यंगातही, म्हणजे अंगाला तेल चोळतानाही, डोकं, कान आणि पाय यांना विशेष तेल लावायला सांगितलंय. सर्वांगाला तेल चोळायला वेळ नसेल तर निदान पाय सोडू नका.

आधी वाटी नीट पारखून घ्या. काशं म्हणजे तांबं आणि कथिल, साधारण ७८ भागांना २२ भाग. पितळेची वाटीही काशाची म्हणून गळ्यात मारली जाते. बोटांच्या टोकांवर तोलून चमच्याने हलकेच वाजवा. काशाचा नाद बराच वेळ घुमतो, पितळेचा लगेच बसतो. बूड गोलसर आणि गुळगुळीत हवं. काठावरून बोट फिरवून धार लागत नाही ना, ते पाहा. आणि जपून वापरा, फरशीवर आपटली की काशाला चीर जाते.

जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. पाय कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा. घासून घेणाऱ्याला आडवं झोपवा, त्याचा घोटा तुमच्या मांडीवर घ्या आणि खाली जुना पंचा अंथरा, कारण काळे डाग नंतर निघत नाहीत. एका पायाला एक लहान चमचा साजूक तूप पुरतं. थंडीत तूप थिजतं आणि खोबरेलही गोठतं, तेव्हा तिळाचं तेल बरं. वाटी दोन मिनिटं गरम पाण्यात ठेवून पुसून घ्या. गार धातू लागला की पाय आखडतो.

तूप आधी हातानेच तळव्याला चोळा. मग वाटीचं बूड टेकवून टाचेपासून चवड्यापर्यंत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवा. टाच आणि चवडा इथे जोर चालतो, मधल्या खोलगट भागात हात हलका ठेवा. घोट्याच्या हाडाभोवती आणि नडगीवर वाटी नको, तिथे नुसती बोटं. बोटं एकेक करून मुळापासून टोकाकडे ओढा. शेवटी पोटरी तळहाताने घोट्याकडून गुडघ्याकडे चोळा. एका पायाला दहा मिनिटं भरपूर झाली.

वाटी अडखळायला लागली की तूप कमी पडलंय. तसंच रेटलं तर कातडी सोलवटते. नुसती घसरत असेल तर तूप जास्त झालंय, थोडं निपटून काढा.

तूप काळं-करडं होतं, आणि ‘बघा, अंगातली उष्णता निघाली’ असं सांगितलं जातं. तसं काही नाही. घासताना धातूचे सूक्ष्म कण सुटतात, तांब्याची तुपातल्या आम्लांशी आणि घामाशी प्रक्रिया होते, त्याचा तो रंग. पितळी समई तेलाच्या फडक्याने जोरात पुसली तरी फडकं असंच काळं होतं, आणि समईला काही उष्णता झालेली नसते! आराम मिळतो तो चोळण्याने आलेल्या सैलपणाचा. टाचांच्या कोरड्या भेगा तुपाने मऊ होतात, हा वरचा फायदा. खोल, रक्त येणाऱ्या भेगांवर मात्र वाटी फिरवू नका.

बाकीचे प्रकार थोडक्यात. सर्वांगाला अभ्यंग करताना हातापायांवर लांब, सांध्यांवर गोल, पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हात फिरवावा आणि अर्ध्या तासाने आंघोळ. डोक्याला बोटांची पेरं वापरा, नखं नाहीत. तान्ह्या बाळाला हलक्या हाताने. नाका-कानात तेल घालायचं नाही, कोणीही कितीही आग्रह केला तरी. पार्लरमधलं डीप टिश्यू मालिश आखडलेल्या स्नायूंसाठी असतं, सुजलेल्या ताज्या दुखापतीसाठी नाही.

ताप किंवा अपचन असेल तर मालिश टाळा. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना कमी झाली असेल तर जखम झालेलीही कळत नाही, म्हणून वाटी नकोच. एकाच पोटरीत अचानक सूज, दुखणं आणि गरमपणा असेल तर ती अजिबात चोळू नका, थेट डॉक्टरांकडे जा: शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून वर सरकण्याची भीती असते.

झाल्यावर पाय डाळीच्या पिठाने आणि कोमट पाण्याने धुवा. तुपकट पायाने मोरीकडे चालत जाऊ नका, म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर बादली तिथेच आणा. वाटी चिंच-मिठाने घासून लगेच कोरडी करा. ती पुन्हा दह्या-ताकाला वापरू नका; एक तर ती पायाची, आणि आंबट पदार्थ तिच्यात कळकतोही.