मालवेअर शिरला, दोष कुणाचा? या चुका टाळा

कॉम्प्युटरमध्ये मालवेअर, म्हणजे नुकसान करणारा छुपा प्रोग्राम, सापडला की पहिला प्रश्न हमखास येतो, 'कोणी काय उघडलं?' या चौकशीत अर्धा तास जातो आणि तोवर मालवेअर आपलं काम करत राहतो. आधी वाय-फाय बंद करा, केबल काढा. मग दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड त्याच ईमेलवरून रीसेट होतात. 'सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट' हा पर्यायही वापरा. चोरलेल्या कुकीज (तुमचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या ब्राउझरच्या छोट्या नोंदी) हाती असतील तर चोराला पासवर्डची गरजच पडत नाही. बाधित मशीनवरूनच पासवर्ड बदलू नका, नवाही त्याच्याच हाती जाईल.

दोषाचा हिशेब नंतर करा, पण करा जरूर. 'चूक वापरणाऱ्याचीच' हे म्हणणं कंपन्यांच्या फार पथ्यावर पडतं. परवान्याच्या अटी वाचा: सॉफ्टवेअर 'आहे तसं' दिलेलं असतं आणि नुकसानीची जबाबदारी होता होईल तेवढी झटकलेली असते. २०१७ मध्ये सीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मालवेअर घुसवला गेला होता. कंपनीच्या साइटवरून तो उतरवून घेणाऱ्याचं काय चुकलं?

'वापरणाऱ्याची चूक कधीच नसते' हे उलट टोकही चुकीचंच. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा मालवेअर, १२ मे २०१७ रोजी पसरला, कुणी कशावर क्लिक न करता. विंडोजमधलं भगदाड मायक्रोसॉफ्टचं. ते माहीत असून आपल्या हेरगिरीसाठी झाकून ठेवणारी अमेरिकेची गुप्तचर संस्था एनएसए. पण दुरुस्तीचा अपडेट १४ मार्चलाच आला होता. दोन महिने 'नंतर आठवण करा' दाबत बसलेल्यांचा वाटा त्यापुढचा. माझा हिशेब साधा आहे: अपडेट येईपर्यंत जबाबदारी बनवणाऱ्याची, आल्यावर तो न टाकणाऱ्याची. विंडोज एक्सपीसारख्या सपोर्ट संपलेल्या सिस्टीमवर मात्र हा हिशेब अडतो. त्यांच्यासाठीचा अपडेट सर्वांना मिळाला तो हल्ला झाल्यावर.

क्रॅक केलेलं, म्हणजे परवाना डावलून फुकट वापरायचं, सॉफ्टवेअर टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं जातं, आणि लोक निमूट करतात! इथे दुसऱ्या कुणाला बोल लावता येत नाही.

एकावर एक दोन अँटिव्हायरस चढवले म्हणून संरक्षण दुप्पट होत नाही; ते एकमेकांत अडखळतात आणि मशीन रेंगाळतं. रोजच्या कामाला सगळे अधिकार असलेलं अ‍ॅडमिन खातं वापरू नका. साधं खातं असलं की मालवेअरला सिस्टीमच्या फायलींना हात लावणं अवघड जातं, तुमच्या फायली मात्र तरीही धोक्यात असतात.

म्हणूनच बॅकअपची ड्राइव्ह कायम जोडून ठेवू नका. रॅन्समवेअर जोडलेली प्रत्येक ड्राइव्ह धुंडाळतो आणि बॅकअपही कुलूपबंद करतो. बॅकअप झाला की ती काढून ठेवा. अधूनमधून त्यातल्या दोन-चार फायली खरंच उघडतात का, हे दुसऱ्या मशीनवर तपासा.