गोधडीसाठी मुंबईत कापड घेताना : आधी नमुना, मग मीटर

गोधडी शिवायला घेणारे मला पहिल्यांदा नक्षीबद्दल विचारतात. चौकोन घेऊ की त्रिकोण, धावदोरा किती अंतरावर घालू. पण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गोधड्यांचा टाका बहुतेक वेळा शाबूत असतो, घात केलेला असतो कापडाने. एका तुकड्याचा रंग शेजारच्यावर उतरलेला, एक आटून बाजूच्या दोघांना ओढून धरणारा, एक विरून जाळी झालेला आणि त्याला लागून असलेला अजून कोरा करकरीत. हे सगळं खरेदीच्या वेळीच ओळखता येतं, म्हणून हा लेख फक्त खरेदीपुरता आहे. तुम्हाला शिवता येतं आणि घरी कात्री, पट्टी, इस्त्री आहे, हे मी धरून चालते.

निघण्याआधी हिशेब

एका माणसाच्या पांघरुणाची गोधडी ६० इंच बाय ९० इंच धरा. ६ इंची चौकोनांची करायची तर आडवे १० आणि उभे १५, एकूण १५० चौकोन. सगळीकडून पाव इंच शिवण धरून प्रत्येक चौकोन साडेसहा इंचांचा कापायचा. ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात काठ सोडून एका ओळीत ६ चौकोन बसतात.

इथे बहुतेक जण अर्धा अर्धा मीटर कापड घेतात आणि फसतात. अर्धा मीटर म्हणजे साधारण १९.७ इंच. तीन ओळींना साडेएकोणीस इंच लागतात, त्यामुळे कागदावर बरोबर बसतं. पण सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच आटतं आणि तिसरी ओळ हातची जाते. मिळतात फक्त १२ चौकोन. त्याऐवजी ६० सेंटिमीटर घ्या, आटूनही तीन ओळी निघतात, म्हणजे १८ चौकोन. दहा सेंटिमीटर कापड जास्त आणि चौकोन दीडपट. नऊ कापडं प्रत्येकी ६० सेंटिमीटर घेतली की १६२ चौकोन होतात. वरचे बारा लागतातच, एखादा वाकडा कापला जातो, एखाद्याला डाग निघतो. दुकानदार ६० कापून देत नसेल तर सरळ एक मीटर घ्या, अर्धा घेऊ नका.

पाठीला ४४ पन्ह्याचं ५ मीटर कापड लागतं, मधोमध कापून दोन पट्टे जोडायचे. जुनी सुती पाचवारी असेल तर तीही अशीच अर्धी कापून जोडली की पुरते. पाठीला पलंगावरची जाड, घट्ट विणीची चादर घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. हाताने शिवणाऱ्याने तो अजिबात ऐकू नये. सुई अडते, बोटं सोलतात आणि टाके लांब पडायला लागतात.

आतल्या थराला काही विकत घेऊ नका. घरातल्या जुन्या सुती साड्या वापरा. मुंबईच्या दमट हवेत पॉलिएस्टरच्या शीटची गोधडी अंगावर घेतली की मध्यरात्री पायाशी जाते.

कुठे जायचं

विविधता हवी असेल तर मंगलदास मार्केट. सीएसएमटीहून क्रॉफर्ड मार्केटकडे चालत जा, पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी मरीन लाइन्सला उतरावं. रविवारी जाऊ नका. कामाच्या दिवशी अकराच्या सुमाराला पोहोचा, त्या वेळी दुकानदाराला तुमच्याकडे बघायला वेळ असतो. जवळचं मुळजी जेठा मार्केट घाऊक व्यापाराचं आहे, ६० सेंटिमीटर मागायला तिथे जाऊ नये. दादरचं हिंदमाता साध्या सुती कापडाला आणि अस्तराला चांगलं, फक्त धो धो पावसात टाळा, तिथे पाणी भरतं. आणि आपल्या गल्लीतल्या लेडीज टेलरला विसरू नका. तिच्याकडच्या ब्लाउजच्या चिंध्यांमध्ये फार सुंदर सुती तुकडे असतात. मात्र त्यांनाही पुढची सगळी परीक्षा लागू आहे.

पहिल्या फेरीत कापड घ्यायचं नाही

हे मी प्रत्येकीला सांगते आणि प्रत्येकीला ते जड जातं. मंगलदासच्या गल्लीत दोन्ही बाजूंना छतापर्यंत ताके रचलेले असतात, जयपूरची ठशांची छपाई, मद्रास चौकड्या, इंडिगो. हात शिवशिवतात. तरी पहिल्या फेरीत फक्त नमुने आणायचे. "मॅचिंग बघायचं आहे, जरा सॅम्पल द्या" म्हटलं की बहुतेक दुकानदार काठाजवळचं चार बोटं कातरण देतात. प्रत्येक नमुना छोट्या लिफाफ्यात ठेवा, वर दुकानाचा गाळा नंबर आणि भाव लिहा. पंधरा नमुने आणलेत तर नऊ टिकतील. जो नमुना द्यायलाच तयार नाही, त्याचं कापड सोडून द्या.

पारख

गोधडीचं भलंबुरं इथेच ठरतं आणि मी स्वतः इथेच मार खाल्ला आहे, म्हणून सावकाश वाचा.

पहिला प्रश्न, कापड सुती आहे का. दुकानात "कॉटन" हा शब्द आता मऊ दिसणाऱ्या कुठल्याही कापडाला लावतात. "प्युअर कॉटन आहे ताई, गॅरंटी" हे वाक्य रेयॉनच्या ताक्यावर हात ठेवूनही ऐकायला मिळतं. मोडाल हा रेयॉनचाच प्रकार आहे, नावापुढे कॉटन जोडल्याने तो सुती होत नाही. "टू बाय टू" म्हणजे ताण्याला (उभ्या धाग्यांना) आणि बाण्याला (आडव्या धाग्यांना) दोन्हीकडे दुहेरी पीळ दिलेलं सूत, पण त्याच नावाखाली मिश्र धाग्याचं कापडही विकतात. खणाचंही तसंच, आज मिळणाऱ्या कितीतरी खणांत सिंथेटिक धागा असतो. गिरणीच्या कापडाच्या काठावर धाग्याचं प्रमाण छापलेलं असलं तर ते आधी वाचा.

धागा जाळून बघा, असा सल्ला सगळे देतात. तो अर्धाच खरा आहे. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा, राख मऊ. पॉलिएस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर नखाला टोचणारा कडक मणी उरतो. मिश्र कापडात राखेत असे बारीक कडक कण सापडतात. इथपर्यंत ठीक. पण रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनतं, त्यामुळे तेही सुतासारखंच जळतं. म्हणजे बाजारातली जी फसवणूक सर्वांत जास्त होते, ती जाळून पकडता येत नाही. शिवाय कापडाच्या बाजारात काडी पेटवायची नसते, हेही सांगून ठेवते. जाळायचं ते घरी, पत्र्याच्या ताटलीत.

रेयॉन पकडायला काडीही लागत नाही. कातरणाच्या कडेचा एक धागा सोडवा. वीतभर नको, चार बोटं पुरे. त्याचा मधला भाग जिभेवर धरून नीट ओला करा, दोन्ही टोकं चिमटीत धरून हळूहळू ताणा. रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं, ते बरोबर ओल्या जागी तुटतं, जवळजवळ आवाज न करता. सूत ओलं झालं की उलट मजबूत होतं, तो धागा कोरड्या बाजूला तुटतो. पॉलिएस्टर लवकर तुटतच नाही, बोटात रुततं. एकाच धाग्यावर निकाल देऊ नका. दोन उभे आणि दोन आडवे धागे तपासा, कारण कधी ताणा सुती असतो आणि बाणा दुसराच.

गोधडीत रेयॉन का नको, तर गोधडी धुताना बादलीभर पाणी पिते. ओली गोधडी उचलली की सगळं वजन शिवणीवर येतं, आणि नेमक्या त्याच वेळी रेयॉन सर्वांत दुबळं असतं. कुर्ता त्यात चालतो, गोधडी नाही.

दुसरा प्रश्न, वजन. जरा भरीव कॅम्ब्रिक आणि पातळ मलमल दोन्ही सुती, दोन्ही चांगले, पण एका गोधडीत शेजारी नको. मलमल आधी विरते. सगळी नऊ कापडं एकाच जाडीची निवडा, नवशिक्याने कॅम्ब्रिकच्या. जाडी हाताला कळत नाही, कारण नव्या कापडाला खळ असते. कातरण दोन्ही मुठींत धरून कपडे धुतल्यासारखं जोरात चोळा आणि मग उजेडासमोर धरा. पांढरी भुकटी झडली आणि वीण विरळ दिसली, तर तुम्ही खळीचे पैसे देत होतात.

तिसरा प्रश्न रंगाचा. माझ्या बहिणीच्या मुलीच्या बारशासाठी मी पहिल्यांदा तुकड्यांची गोधडी केली. मोतिया रंगाच्या चौकोनांमध्ये एक मरून, फार देखणा. दुकानदाराने पक्का रंग म्हणून सांगितलं होतं, तरी मनात शंका होती. ओळखीच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सांगितलं, रात्रभर मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात ठेव, रंग बसतो. ठेवलं. सकाळी पाणी जवळजवळ स्वच्छ होतं. मी निर्धास्त झाले, शिवायला सहा आठवडे घालवले. बारशानंतर बहिणीने कोमट पाण्यात पावडर टाकून ती धुतली, आणि प्रत्येक मोतिया चौकोनाला मरून बाजूने गुलाबी कड आली. तिने मला फोनवर सांगायच्या आधी दोन वेळा सांगायचं टाळलं होतं. ती गोधडी मी उसवली. त्या दिवसापासून मीठ-व्हिनेगरचा सल्ला कुणी दिला की मी तिथल्या तिथे थांबवते.

कारण समजून घ्या म्हणजे तुम्हीही थांबवाल. आजच्या सुती कापडावर बहुतेक रिॲक्टिव्ह रंग असतात. रंगाईच्या वेळी मीठ घालतात ते रंग पाण्यातून धाग्याकडे ढकलायला. धाग्याशी तो पक्का जोडला जातो सोड्यासारख्या अल्कलीमुळे. कापड बाजारात आलं की मिठाचं काम संपलेलं असतं. न जोडलेला जास्तीचा रंग धुऊन काढणं एवढाच उपाय उरतो, आणि मिठाच्या पाण्यात तो सुटायलाच अडतो. म्हणून पाणी स्वच्छ दिसतं आणि आपण फसतो. रंग आत दबा धरून असतो, पुढच्या साबणाच्या धुण्यात बाहेर येतो. व्हिनेगरचा संबंध रेशीम आणि लोकरीच्या आम्लरंगांशी, सुताशी नाही.

मग करायचं काय? दुकानात पांढरा सुती रुमाल न्या. एक कोपरा ओला करून कापडावर दहा वेळा घासा. रुमाल चांगलाच रंगला तर नमुनाही मागू नका. घरी प्रत्येक नमुना कडकडीत पाण्यात, थेंबभर साबण घालून, स्टीलच्या पेल्यात अर्धा तास ठेवा. मग तो पांढऱ्या कापडात गुंडाळून ओलाच रात्रभर राहू द्या. सकाळी उलगडा. पाण्याला थोडी झाक आली आणि पांढरं कापड स्वच्छ राहिलं, तर चालेल. पांढऱ्यावर ठसा उमटला तर पुन्हा गरम पाणी, पुन्हा गुंडाळणं. तिसऱ्यांदाही उमटला तर ते कापड कितीही आवडो, बाद. लाल, मरून, काळा, गडद हिरवा यांना ही परीक्षा चुकवू नका. इंडिगो घासला की थोडा निळा सुटणारच, तो त्याचा स्वभाव आहे. त्याला निळ्या-राखाडी सोबत्यांमध्ये ठेवा, पांढऱ्याशेजारी नको.

टिकलेले नमुने दिवसाउजेडी खिडकीत शेजारी शेजारी मांडा आणि नऊ निवडा. दुकानातल्या दिव्यांखाली केलेली रंगसंगती मी कधीच अंतिम धरत नाही.

दुसरी फेरी

लिफाफे बरोबर घ्या, त्याच गाळ्यावर जा आणि नमुना ताक्याशी लावून बघा. तीच छपाई नव्या ताक्यात वेगळ्या छटेची येते, तेव्हा पाठीचं ५ मीटर एकाच ताक्यातलं घ्या.

कापड कात्रीने कापू नका, फाडून द्या म्हणा. सुती कापड बाण्याच्या धाग्याला धरून सरळ फाटतं. फाडलेली कड आणि छपाईची ओळ एकमेकींना समांतर आहेत का, ते पैसे देण्याआधी तिथेच बघा. छपाई या काठापासून त्या काठापर्यंत अर्ध्या इंचाहून जास्त तिरकी गेली असेल तर घेऊ नका, त्यातून एकही चौकोन सरळ दिसणार नाही. चौकड्या विणलेल्या असतील तर ही भीती नाही, रंग धाग्यातच असतो.

भाव करा, पण चार दुकानांत एक-एक कापड घेऊन नाही. दोन दुकानांत विभागून घेतलं की बोलायला जागा राहते.

घरी आल्यावर

सगळं कापड कापायच्या आधी धुवायचं. फाडलेल्या कडांना मोठा कच्चा टाका मारा, नाहीतर दोऱ्यांचा गुंता होतो. फिकी कापडं एकत्र, गडद वेगवेगळी, गरम पाणी आणि साबण, मीठ नाही. सावलीत वाळवा, किंचित दमट असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. पावसाळ्यात पंख्याखाली पूर्ण कोरडं झाल्याशिवाय घडी घालू नका. मरून मात्र सगळ्यांत शेवटी, एकटं, वेगळ्या बादलीत, आणि शेवटचं पाणी पांढऱ्या मगात घेऊन बघा.