ऑपरेशननंतर फुप्फुसाचं प्रेशर: घरी औषध कसं द्यायचं

लहान मुलांच्या हार्ट आयसीयूत मी चौदा वर्षं सिस्टर आहे. हृदयातलं भोक बुजवलं, सुटलो, असं आईबाबांना वाटतं. पण मोठं व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, असलेल्या बाळाच्या फुप्फुसांत कितीतरी महिने जादा रक्त जोरानं गेलेलं असतं. तिथल्या रक्तवाहिन्या जाड होतात आणि निमित्त मिळालं की आकसतात. भोक बुजल्यावरही ही खोड लगेच जात नाही.

म्हणून आयसीयूत बाळाच्या श्वासाच्या नळीतला कफ काढताना आम्ही दोघी उभ्या राहतो. आधी शंभर टक्के ऑक्सिजन आणि झोपेचं औषध, मग दहा सेकंदांच्या आत सक्शन. दुखलं किंवा ऑक्सिजन उतरला की प्रेशर चढतं.

घरी जाताना काही बाळांना सिल्डेनाफिल लिहून देतात. दुकानदार कधी म्हणतो, "ही तर मोठ्या पुरुषांची गोळी!" एका बाबांनी ते ऐकून औषध बंद केलं आणि चौथ्या दिवशी बाळ निळ्या ओठांनी परत आलं. औषध तेच आहे, पण ते फुप्फुसातल्या रक्तवाहिन्याही सैल करतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही डोस बंद करू नका.

गोळीचं औषध घरी करायला सांगितलं असेल, तर किती पाण्यात किती गोळी आणि त्यातलं किती मिली, हे कागदावर लिहून घ्या. गोळी बारीक कुटा, पाणी सिरिंजनंच मोजा, चमच्यानं नको. भुकटी तळाशी बसते, त्यामुळे ओढण्याआधी नीट हलवा. बाळाला जागं करा, डोकं उंच धरा आणि गालाच्या आतून थोडं थोडं सोडा. रात्रीच्या डोससाठी गजर लावा. डोस चुकला किंवा उलटी झाली, तर दुप्पट देऊ नका, आम्हाला फोन करा.

आजींना माझी कळकळीची विनंती आहे, न्हाऊ घातल्यावरची ओव्याची धुरी आता नको. धुरानं या बाळांचा श्वास अडतो. सर्दीचं औषधही दुकानातून परस्पर आणू नका.

दूध पिताना कपाळावर घाम येणं, छाती आत ओढली जाणं, ओठ निळे पडणं, बेशुद्ध होणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, तारखेला येताना संपलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. किती डोस गेले, ते मी मोजते.