महेश्वरची थंडीतली सहल कशी आखावी

इंदूरला गेलेली मराठी मंडळी अहिल्याबाई होळकरांचं नर्मदाकाठचं महेश्वर ‘करून’ येतात. सकाळी निघायचं, वाडा, घाटावर फोटो, एखादी साडी, आणि रात्री गराडू (तळलेला कंद) खायला इंदूरच्या सराफा बाजारात परत. आम्हीही पहिल्यांदा तेच केलं. भर दुपारी तापलेल्या दगडी पायऱ्यांवर कुरकुरणारी पोरं आणि गुडघा धरून बसलेली आई, एवढंच त्या खेपेचं आठवतं. महेश्वर सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर बघायचं गाव आहे. त्यामुळे तिथेच किमान दोन रात्री मुक्काम, ही पहिली अट. बाकी सगळं त्यानुसार ठरवायचं.

१. तारखा
नाताळ ते नववर्ष हा आठवडा सोडूनच द्या. संक्रांतीला पर्वस्नानाची गर्दी असते आणि माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंतीची. जयंतीचं दीपदान देखणं असतं, पण लहान मुलं घेऊन पहिल्याच खेपेला नको. डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा संक्रांतीनंतरचे मधले वार उत्तम. जयंती कधी येते ते पंचांगात आधी बघा. रविवारी दुपारपर्यंत पोचायचं, बुधवारी सकाळी निघायचं. तीन दिवस शाळा बुडेल. अहिल्याबाईंच्या राजधानीला जातोय म्हटल्यावर आमच्या बाईंनी तरी फारशी खळखळ केली नाही.

२. प्रवास
रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशीच तिकिटं काढा. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटणारी अवंतिका एक्सप्रेस सकाळी इंदूरला सोडते. तिथून महेश्वर ९०-९५ किलोमीटर, गाडीने अडीच तास धरा. नाशिक-धुळ्याकडच्यांनी इंदूरपर्यंत जायचं कारणच नाही. आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा करत खलघाटला नर्मदा ओलांडली की पुढे धामनोद, आणि तिथून उजवीकडे महेश्वर.

३. खोली
एका हॉटेलात आम्ही नदी दिसणारी खोली म्हणून जादा पैसे मोजले. नदी दिसत होती, गच्चीवरून. तेव्हापासून फोनवर तीनच प्रश्न विचारते: नदी खोलीतून दिसते की गच्चीवरून? गाडी दारापर्यंत येते का? आणि पहाटे साडेपाचला गरम पाणी मिळेल का? तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण अख्ख्या सहलीचं वेळापत्रक त्याच्यावर उभं आहे.

४. दिवसाची आखणी
पहाटे पारा दहा-बारापर्यंत उतरतो, दुपारी चांगलं ऊन असतं. म्हणून सगळ्यांना एकावर एक कपडे. आजीला शाल, मुलांना कानटोपी.

उजाडताना घाटावर जा. नदीवर धुकं असतं, बायका स्नान करून सूर्याला अर्घ्य देत असतात. थंडीत नर्मदेचे परिक्रमावासी पाठीला पडशी लावून जाताना दिसतात आणि त्यातले बरेच आपल्याकडचे निघतात. ‘नर्मदे हर’ म्हणा, तेही म्हणतील. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते हे कळल्यावर आमच्या धाकट्याने एका आजोबांना ‘मग पलीकडे कसे जाता?’ विचारलं. नदी जिथे समुद्राला मिळते तिथवर चालत जायचं, मग पलीकडच्या काठाने परत, असं त्यांनी वाळूत काठीने रेघ ओढून समजावलं.

तिथून वर किल्ल्यात. अहिल्याबाईंनी १७६७ मध्ये कारभार हाती घेतला आणि १७९५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत राज्य इथूनच चाललं. वाडा बघून मुलं विचारतील, ‘एवढाच?’ गादी साधी, वाडाही साधा. उत्तर लगेच देऊ नका, बाहेर घाटाची लांबी दाखवा. सकाळी इथे लिंगार्चन चालतं: काळ्या मातीची बोटाच्या पेराएवढी शिवलिंगं भराभर वळायची, पाटावर ओळीने मांडायची, पूजा झाली की नर्मदेत विसर्जन. अहिल्याबाईंपासून चालत आलेला हा नेम चुकवू नका.

उतरताना विठोजी होळकरांची छत्री लागते. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने त्यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून आले. पुणेकरांनी इथे जरा शांत उभं राहावं.

दुपारी झोपा. खरंच झोपा. संध्याकाळी होडीने नदीतल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत जा. मुलांना लाइफ जॅकेट मिळत नसेल तर होडीत बसू नका, आणि भाडं आधी ठरवा.

५. जवळपासचं
मांडू किंवा ओंकारेश्वर, एकच निवडा. मुलं असतील तर मांडू, अंतर चाळीसेक किलोमीटर. जहाज महाल, रूपमतीचा मंडप, आणि गोरखचिंचेची पिंपासारख्या बुंध्याची झाडं. त्यांची फळं रस्त्याकडेला विकायला असतात, आंबटगोड लागतात. ओंकारेश्वर ज्येष्ठांच्या आग्रहावर अवलंबून.

६. खाणं
सकाळी वाफेवरचे पोहे, वर शेव आणि जीरावन मसाला, सोबत जिलेबी. जेवायला दाल-बाफले (आमटीसोबत तुपात बुडवलेले कणकेचे गोळे), पण त्यानंतर काहीही ठरवू नका.

७. साडी
ही खरेदी शेवटच्या दिवसावर ढकलू नका, घाईत फसगत होते. आधी माग बघा. रेहवा सोसायटीचं विणकाम केंद्र किल्ल्यातच आहे, खटखट आवाज लांबून येतो. मग दुकानात साडी उलटी करून काठ तपासा. महेश्वरीचा ‘बुगडी’ काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणजे साडी दोन्हीकडून नेसता येते. पारंपरिक पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत, दोन पांढरे. काठावरची चटाई, लहर, हिरा ही नक्षी ओळखायचं काम मुलांना द्या. आदल्या दिवशी किल्ल्याच्या दगडात तीच बघितलेली असते, त्यामुळे ती दुकानदाराच्या आधी नाव सांगतात.